घरी वासरू आहे का?
गुरांच्या आतड्यांतील परजीवी आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी बालरोगांवरील एखादा लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा लसीकरण, दमा, किशोरवयीनांचा लठ्ठपणा असे नेहमीचे विषय डोळ्यांसमोर आले. त्या सर्वांवर आपल्यापैकी अनेकांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिले आहे. म्हणून ज्या विषयात मी स्वतः चुकलो आणि त्या चुकीतून काही शिकलो, तोच विषय व्यवसायबंधूंपुढे ठेवावा असे ठरविले.

म्हापशात दवाखाना असल्यामुळे पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतील बालरुग्ण माझ्याकडे येतात. शुक्रवारच्या बाजाराला येणारी माणसे बाजार आणि दवाखाना एकाच खेपेत उरकतात. गेल्या पंचवीस वर्षांत या दोन तालुक्यांचा चेहरामोहरा बदलला. मोपाच्या पठारावर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. डिचोलीत खाणी बंद झाल्या आणि पुन्हा चर्चेत आल्या. तरीही आतल्या गावांत घराला लागून गोठा आहे, दिवाळीच्या पाडव्याला गुरांना न्हाऊ-माखू घालून, रंगवून, माळा घालून ओवाळण्याची रीत आहे, आणि अंगणात रांगणाऱ्या मुलापासून चार पावलांवर दावणीला बांधलेले वासरूही आहे. हे शेजारपण फार जुने आणि मोलाचे आहे. त्यात धोका नेमका किती आणि कोठे आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

न विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी ऐन जुलै महिन्यात पेडणे तालुक्यातील एका आतल्या वाड्यावरून चौदा महिन्यांचे मूल माझ्याकडे आणले गेले. जुलाब सोळा दिवसांचे. रक्त नाही, फारसा ताप नाही. पाण्यासारखे, दिवसाला आठ-दहा वेळा. वजन सात किलोच्या जरा वर. आधी गावाकडे एक प्रतिजैविक झाले होते. मी दुसरे दिले, मेट्रोनिडाझोल दिले, ‘असेल एखादा जंत’ म्हणून अल्बेंडाझोलही दिले. शौचाच्या साध्या तपासणीत ‘कृमींची अंडी किंवा सिस्ट आढळले नाहीत’ असा अहवाल आला. दूध बदलून पाहिले. मूल दिवसेंदिवस सुकत चालले होते.

तिसऱ्या भेटीत मुलाची आजी सोबत आली. मी औषधचिठ्ठी लिहीत असताना ती सहज म्हणाली, ‘‘दोतोर, आमच्या वासरालाही अशीच हगवण लागली होती. दहा दिवसांचे होते, वाचले नाही.’’ मी लेखणी खाली ठेवली. वासरू कधी आजारी पडले, त्याला कोण पाजत होते, असे एकेक विचारत गेलो. वासराच्या तोंडात गूळपाणी घालणारी आणि त्याच्या अंगाखालचे शेण काढणारी आजीच होती. हात पाण्याने धुऊन ती आत येई आणि नातवाला पेज भरवी. नातवाचे जुलाब वासराच्या आजारानंतर साधारण आठवड्याने सुरू झाले होते.

त्याच संध्याकाळी मी परिचित विकृतिशास्त्रज्ञांना दूरध्वनी करून अ‍ॅसिड-फास्ट पद्धतीने रंगवलेला नमुना पाहण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. निळसर पार्श्वभूमीवर चार ते सहा मायक्रॉन आकाराचे गुलाबी-लाल गोल ठिपके सर्वत्र विखुरलेले होते. ते क्रिप्टोस्पोरिडियम होते.

परजीवीची जनुकीय तपासणी झाली नाही. त्यामुळे तो वासराकडूनच आला हे सिद्ध झाले, असा दावा मी करणार नाही. परंतु पहिल्याच दिवशी ‘घरी वासरू आहे का?’ एवढे विचारले असते, तर योग्य तपासणी दोन आठवडे आधी झाली असती. आजीचा यात काही दोष नव्हता. तिने सांगितले नाही, कारण मी विचारले नव्हते.

पशुवैद्यांना आधी ठाऊक असलेला आजार

क्रिप्टोस्पोरिडियम या नावाचा अर्थ ‘लपलेले बीज’. अमेरिकी संशोधक टिझर यांनी १९०७ मध्ये उंदरात तो प्रथम पाहिला आणि १९१२ मध्ये पार्व्हम ही त्याची दुसरी जाती वर्णिली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. वासरांच्या हगवणीत तो १९७१ मध्ये नोंदला गेला, तर माणसातील पहिले दोन रुग्ण १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक टेनेसी राज्याच्या ग्रामीण भागातील अवघ्या तीन वर्षांची मुलगी होती. पशुवैद्य हा जीव आपल्या पाच वर्षे आधी ओळखत होते, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या परजीवीचा वासराशी संबंध वयाने बांधलेला आहे. जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, वासराला हगवण लागते. आजाराच्या भरात एकाच वासराच्या शेणातून दिवसाला शंभर कोटींहून अधिक अंडपुटी बाहेर पडू शकतात. मोठ्या गाईत आजार सहसा दिसत नाही. दुसरीकडे, निरोगी प्रौढ स्वयंसेवकांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अवघ्या तीस अंडपुटींनीही काही जणांना संसर्ग झाला. निम्म्या लोकांना संसर्ग होण्यास पुरेशी मात्रा १३२ निघाली. शंभर कोटी आणि तीस हे दोन आकडे शेजारी ठेवले, की हाताच्या नखात राहिलेले शेणही पुरेसे का ठरते हे कळते.

अंडपुटी शेणातून बाहेर पडताक्षणीच संसर्गक्षम असते. जंतांच्या अंड्यांप्रमाणे तिला मातीत पिकावे लागत नाही. ओल्या, थंड जागी ती महिनोन्‌महिने टिकते. पिण्याच्या पाण्यात आपण घालतो तेवढ्या क्लोरीनने ती मरत नाही आणि कोविडच्या साथीपासून घरोघरी पोहोचलेल्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरलाही दाद देत नाही. मात्र तिच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. पाण्याला खळखळून एक मिनिट उकळी आली, की ती मरते. आणि पूर्ण कोरडी पडली, तर काही तासांतच निकामी होते.

या आजाराचे बालरोगातील महत्त्व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने अधोरेखित केले. आफ्रिका व आशिया खंडांतील सात देशांत झालेल्या या अभ्यासात भारतातून कोलकाता हे केंद्र होते. तान्ह्या मुलांच्या मध्यम ते तीव्र अतिसाराच्या कारणांत रोटाव्हायरसखालोखाल क्रिप्टोस्पोरिडियम आढळला आणि एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांत त्याचा मृत्यूशीही संबंध दिसला. रोटाव्हायरसची लस आपण आता नियमित देतो. क्रिप्टोस्पोरिडियमवर लस नाही.

दोषी नसलेली गाय

आता दुसरी बाजू, कारण चूक दोन्ही दिशांनी होते. डिचोली तालुक्यातील एक कुटुंब मला आठवते. वडील खाणीवर कामाला होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्यांनी शासनाच्या कामधेनू योजनेचा आधार घेऊन दोन गाई घेतल्या. घरातील सहा वर्षांच्या मुलीच्या शौचातून वीतभर लांबीचा गोल जंत पडला. ‘गुरांमुळे झाले, गुरे काढा’ असे कोणीतरी जाणकाराने त्यांना सांगितले होते. एक गाय विकायची बोलणी होऊनच ते माझ्याकडे आले होते.

तो जंत अ‍ॅस्कॅरिस होता. माणसातील हा जंत माणसाच्या विष्ठेने दूषित झालेली माती, भाजी आणि हात यांतून माणसाकडे येतो. गाईचा त्याच्याशी संबंध नाही. अंकुशकृमी आणि चाबूककृमी यांचेही तसेच. मी मुलीला अल्बेंडाझोलची एक गोळी दिली, घरामागच्या शौचालयाच्या फुटलेल्या टाकीकडे आणि तिच्या शेजारच्या भाजीच्या वाफ्याकडे वडिलांचे लक्ष वेधले, आणि गाय विकू नका असे सांगितले. आजही त्या घरी गाई आहेत. मुलांना घरचे दूध मिळते आणि उरलेले विकून घरखर्चाला हातभार लागतो.

गुरांच्या पोटात परजीवी पुष्कळ असतात, पण बहुतेकांना माणसाचे आतडे मानवत नाही. वासरांना रक्ती हगवण लावणारा आयमेरिया हा जीव गुरांपुरता मर्यादित आहे. जठरातील रक्तशोषक जंत, पोटातील चपटे पर्णकृमी हे गुरांना खंगवतात, दूध घटवतात. आपल्या मुलांना मात्र त्यांच्यापासून सहसा काही होत नाही. म्हशीच्या पारड्यांत दिसणारा मोठा गोलकृमी आईच्या दुधातून पारड्याकडे जातो. तो दिसायला मुलांच्या जंतासारखा असला, तरी त्याची जात वेगळी. ट्रायकोस्ट्रॉंगायलस गटातील काही जंत क्वचित माणसात येतात आणि त्यांची अंडी अंकुशकृमीच्या अंड्यांसारखी दिसत असल्यामुळे प्रयोगशाळेत गफलत होऊ शकते, एवढे ध्यानात असावे. जिआर्डियाच्या बाबतीतही गुरांत प्रामुख्याने आढळणारा प्रकार आणि मुलांना ग्रासणारे प्रकार वेगळे आहेत. क्वचितच एखादा प्रकार दोघांत सामाईक असतो.

खुद्द क्रिप्टोस्पोरिडियमबाबतही हाच विवेक हवा. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये नळाच्या पाण्यातून या परजीवीची साथ पसरली आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. प्रथम संशय परिसरातील गुरांवर आला. पुढे साठवलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीत तो प्रकार माणसाकडून माणसाकडे जाणारा निघाला. या प्रकाराला २००२ मध्ये होमिनिस असे स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. वेल्लोर येथील मुलांवरील अभ्यासांतही हीच मानवी जाती अधिक प्रमाणात आढळली आहे. म्हणजे आपल्याकडील मुलाला क्रिप्टोस्पोरिडियम झाला, तर पहिला संशय माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यावर व हातांवर घ्यावा; आणि घरी हगवण लागलेले लहान वासरू असेल, तर दुसरा संशय त्याच्यावर. गोठ्यातील प्रत्येक जनावराला आरोपी ठरवू नये.

माणूस गाईला देतो तो रोग

टिनिया सॅजिनाटा या पट्टकृमीची गोष्ट तर उलटीच आहे. हा कृमी माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी सहसा चार ते दहा मीटर असते. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून चराऊ रानात जातात, गवताबरोबर गुरांच्या पोटात शिरतात आणि त्यांच्या स्नायूंत बारीक पुटी तयार होतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले, की चक्र पूर्ण होते. गोव्यात गोमांस खाणारा मोठा वर्ग आहे आणि किनाऱ्यावरील उपाहारगृहांत आतून गुलाबी राहिलेले मांस आवडीने खाल्ले जाते. म्हणून काडेपेटीत ‘हालणारे पांढरे तुकडे’ घेऊन आलेल्या पालकांना आहार विचारावा. प्राझिक्वान्टेलची एक मात्रा पुरते. डुकरातील पट्टकृमीप्रमाणे हा मेंदूत पुटी निर्माण करीत नाही, हेही पालकांना आवर्जून सांगावे. तपासणी झालेले मांस पूर्ण शिजवून खाणे आणि उघड्यावर शौच न करणे, हे दोनच त्याचे प्रतिबंध.

पावसाळा, सारवण आणि विहीर

गोव्याचा पावसाळा हा या विषयातील एक स्वतंत्र घटक आहे. ‘शेणाने सारवलेल्या जमिनीवर मूल रांगले तर चालेल का?’ असा प्रश्न माता विचारतात. उन्हाळ्यात, कडक वाळलेल्या सारवणात क्रिप्टोस्पोरिडियमची अंडपुटी टिकत नाही. पावसाळ्यात मात्र जमीन दिवसेंदिवस ओलसर राहते आणि हा दिलासा उरत नाही. म्हणून मी एवढेच सांगतो, की हगवण लागलेल्या जनावराचे किंवा लहान वासराचे शेण सारवायला घेऊ नये, आणि पावसाळ्यात रांगत्या मुलाला सारवणावर नव्हे, धुतलेल्या चटईवर ठेवावे.

जांभ्या दगडाच्या भूभागात पाणी भेगांतून झपाट्याने मुरते. गोठ्याची गायरी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर पहिल्या मोठ्या सरींबरोबर काय वाहून येते ते सांगायला नको. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट किंवा ब्लीचिंग पावडर टाकून जिवाणूंचा बंदोबस्त होतो. या परजीवीचा नाही. मुलांचे पाणी उकळलेच पाहिजे.

धारोष्ण दुधाबद्दलही दोन शब्द. धार काढल्याबरोबर मुलाला पेलाभर पाजण्यात मोठे कौतुक असते. दूध स्वतः दोषी नसले, तरी आचळावरील शेणाचा कण त्यात उतरतो. शिवाय ब्रुसेला व क्षयाचे जंतूही त्यातून येऊ शकतात. दूध उकळल्याने त्याचे पोषणमूल्य फारसे घटत नाही, हे आजी-आजोबांना शांतपणे समजावून द्यावे.

निदान व उपचाराबाबत

सात दिवसांहून अधिक लांबलेला पाणचट अतिसार, विशेषतः दोन वर्षांखालील, कुपोषित, एचआयव्हीबाधित किंवा कर्करोगावर औषधे घेत असलेल्या मुलात दिसला, की क्रिप्टोस्पोरिडियमचा विचार व्हावा. साध्या तपासणीत तो बहुधा दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘सुधारित अ‍ॅसिड-फास्ट रंजन’ असे स्पष्ट लिहावे आणि एक नमुना नकारार्थी आला, तर एक दिवसाआड तीन नमुने पाठवावेत. आठ ते दहा मायक्रॉनचे मोठे ठिपके दिसले, तर ते सायक्लोस्पोरा असू शकते. त्याचा उपचार वेगळा. प्रतिजन तपासणी आणि पीसीआर या सुविधाही आता मोठ्या प्रयोगशाळांत मिळतात.

उपचाराचा कणा आजही जलसंजीवनी, स्तनपान, नेहमीचा आहार आणि चौदा दिवस झिंक हाच आहे. निटाझॉक्सानाइड एक ते तीन वर्षांच्या मुलांत १०० मि.ग्रॅ. आणि चार ते अकरा वर्षांत २०० मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, अन्नाबरोबर तीन दिवस द्यावे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांत त्याचा भरवसा कमी; एचआयव्हीबाधित मुलांत विषाणूविरोधी उपचार नीट चालू असणे हाच खरा उपाय. अल्बेंडाझोलचा या आजारात उपयोग नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी मुलांना अवश्य द्यावी. परंतु ती दिली म्हणजे गोठ्यातून येणाऱ्या हगवणीचा बंदोबस्त झाला, असे समजू नये.

गोठा असलेल्या घरासाठी

माझ्या टेबलावर आता एक छोटा कागद असतो. त्यातील सूचना अशा :

१. दोन वर्षांखालील मुलाला महिन्याच्या आतल्या वासराजवळ नेऊ नये; वासराला हगवण असेल, तर मुळीच नाही.
२. शक्यतो आजारी वासरू पाहणारे हात आणि मूल भरवणारे हात वेगळे असावेत. ते जमत नसेल, तर साबण व वाहत्या पाण्याने, नखांसह हात धुवावेत. केवळ सॅनिटायझर पुरेसे नाही.
३. गोठ्यातील चपला आणि शेण लागलेले कपडे घरात आणू नयेत.
४. पाणी व दूध उकळूनच द्यावे.
५. हगवण लागलेल्या वासराला इतरांपासून वेगळे बांधावे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. जन्मलेल्या वासराला पहिल्या काही तासांत पोटभर चीक पाजावा. सगळाच खरवसासाठी काढून घेऊ नये.
६. जुलाब झालेल्या मुलाला बरे झाल्यावरही दोन आठवडे तळ्यात, झरीत किंवा तरणतलावात उतरू देऊ नये.

पाचव्या सूचनेमुळे माझा एका पशुवैद्यांशी स्नेह जुळला. एखाद्या वाड्यावर वासरांची हगवण वाढली, की ते मला कळवितात. त्या वाड्यावरचे मूल आले, की मी त्यांना विचारतो. यासाठी कोणतीही योजना किंवा निधी लागला नाही, दोन दूरध्वनी क्रमांक पुरले. शेजारच्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि सीमेपलीकडे दोडामार्गात त्यानंतर माकडतापाने आपणां सर्वांना हाच धडा दिला होता. रानात चरून येणाऱ्या गुरांची खबर ठेवल्याशिवाय गावातील माणसाचे निदान पुरे होत नाही.

पेडण्याचे ते मूल बरे झाले. जुलाब थांबायला दहा दिवस लागले; गेलेले वजन भरून यायला मात्र दिवाळी उजाडली. पाडव्यानंतरच्या शुक्रवारी आजी त्याला दाखवायला घेऊन आली. गोठ्यात नवे वासरू आले होते. ‘‘आता साबण गोठ्याच्या दारातच ठेवला आहे,’’ असे तिने मी न विचारताच सांगितले.

आपण सारे इतिहास घेताना लसीकरण विचारतो, पाणी कोठले ते विचारतो, घरात खोकणारे कोणी आहे का ते विचारतो. त्या यादीत ‘घरी वासरू आहे का? ते बरे आहे ना?’ हे दोन प्रश्न वाढवावेत, एवढीच व्यवसायबंधूंना नम्र विनंती.